नावं ठेवणाऱ्या बाई

बिननावाची वस्तू समोर आली की गॅलरीबाईंना चैन पडत नसे. मुरबाडच्या एसटी स्टँडसमोर ज्या टपरीत त्या चहा घ्यायच्या, तिला नाव नव्हतं. "एखाद्याला इथे भेटायला बोलवायचं तर सांगायचं काय?" हा प्रश्न त्यांनी टपरीवाल्याला इतक्या वेळा विचारला, की वैतागून त्यानं एका पत्र्यावर लाल रंगात 'बाईंचा चहा' असं लिहिलं आणि पत्रा दर्शनी ठोकला. बाई चिडल्या. "चहा तुमचा, दूध तुमचं, आणि नाव माझं? काढा तो पत्रा." त्यानं काढला नाही. पुढे बाई मुरबाडला येईनाशा झाल्या तरी पत्रा तिथेच होता, आणि नव्या गिऱ्हाइकांना वाटायचं की टपरी कुणा बाईच्या मालकीची आहे.

त्यांच्या पर्समध्ये लहान लहान पिशव्या असत आणि प्रत्येकीवर कागदाची पट्टी: सुटे, किल्ल्या, डोकेदुखी, घसा. 'इतर' अशी पट्टी मात्र कधी दिसली नाही. मी एकदा ऑफिसातल्या एका फायलीवर 'इतर' लिहिलं, तर म्हणाल्या, "'इतर' हे नाव नाही गं. तो आळस आहे." आमच्या कपाटातल्या निम्म्या फायलींवर 'इतर' लिहिलेलं होतं आणि उरलेल्यांवर 'किरकोळ'. पण तेव्हा मी नोकरीत नवीन होते, म्हणून फक्त माझ्या फायलीवरचं खोडलं.

ही गोष्ट दोन हजार साल उलटून गेल्यानंतरची. मुरबाडला आमच्या संस्थेची शाळा आणि ज्युनिअर कॉलेज होतं. मी तिथे क्लार्क, रोज धसईहून एसटीनं यायची. बाई शहापूरहून जीपनं यायच्या आणि कॉम्प्युटर शिकवायच्या. पण त्या कायम नव्हत्या. तासिका तत्त्वावर होत्या, म्हणजे तास घेतला तर पगार, सुट्टी लागली तर हरी हरी. दर वर्षी जूनमध्ये त्या अध्यक्षसाहेबांना भेटायच्या आणि दर वर्षी साहेब म्हणायचे, "पुढच्या वर्षी नक्की बघू." अशी बरीच पुढची वर्षं येऊन गेली होती. घरी म्हातारे वडील, आणि ते रोज संध्याकाळी एकच विचारायचे, "झाली का गो कायम?"

मग संस्थेचं रौप्यमहोत्सवी वर्ष आलं. कल्याणच्या दुसऱ्या एका संस्थेची वेबसाइट आहे, असं साहेबांच्या कानावर गेलं. वेबसाइट म्हणजे नक्की काय ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण तिच्यावर फोटो असतात एवढं कळलं आणि तेवढं त्यांना पुरेसं होतं. कल्याणच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानदारानं ती उभी करून दिली. पानं होती, पानांवर चौकटी होत्या, फक्त चौकटींत काही नव्हतं. साहेबांनी बाईंना बोलावलं. "बाई, आमच्या माणसांना शिकवा आणि समारंभाच्या दिवशी वेबसाइट चालू करून दाखवा. त्याच दिवशी तुमची कायम नोकरीची ऑर्डर काढतो." या वेळी 'बघू' हा शब्द आला नाही, म्हणून बाईंनी विश्वास ठेवला.

शिकायला कुणी जायचं यावर बराच खल झाला. शिक्षक म्हणाले, हे काम ऑफिसचं. ऑफिस म्हणालं, हे काम शिक्षकांचं. शेवटी ज्यांना नाही म्हणता येत नाही अशी माणसं निवडली गेली. मी, कारण मी नवीन होते, आणि तात्या, कारण ते शिपाई होते. चित्रकलेचे सर पहिल्या दिवशी आले होते, पण फोटो बसवताना प्रसंगी वरचं आभाळ कापावं लागतं हे ऐकून ते जे दुखावले ते परत फिरकले नाहीत.

तात्या निवृत्तीला आले होते. सांगितलेलं काम अक्षरशः सांगितलं तसं करायचं, ही त्यांची ख्याती. एकदा हेडसर म्हणाले, "तात्या, घंटा जरा जोरात मारा," तर त्या दिवशी घंटा तडकली. शिकवणीच्या पहिल्या दिवशी बाई त्यांना म्हणाल्या, "तात्या, संस्थापकांचा फोटो गॅलरीत ठेवा." तात्या उठले, हॉलमधली हार घातलेली तसबीर उतरवली आणि वरच्या मजल्यावरच्या गॅलरीत कुंड्यांच्या शेजारी नेऊन ठेवली. परत येऊन विचारलं, "बाय, तोंड रस्त्याकडं केलाय. चालल ना?" वेबसाइटवर सगळे फोटो साठवतात त्या जागेलाही गॅलरीच म्हणतात, हे बाईंनी मग न हसता समजावून सांगितलं. हसायचं काम बाकीच्या शाळेनं केलं, आणि त्या दिवसापासून त्या गॅलरीबाई झाल्या.

त्यांचा पहिला धडा अर्थातच नावाचा. कॅमेऱ्यातून फोटो आला की त्याच्यावर कॅमेऱ्यानंच टाकलेला एक नंबर असतो. तो पाहिला की बाईंचा पारा चढायचा. "हे काय नाव झालं? बारशाला पोराचं नाव 'मूल सत्तेचाळीस' ठेवलं होतंत का? उद्या हजार फोटोंत हा शोधणार कसा? फोटोत जे दिसतं तेच नाव ठेवा. आपल्या मनाचं काही नाही." सरावासाठी आम्ही शाळेतल्या वस्तूंचे फोटो काढले. बाक, पायरी, घंटा, नळ. तात्यांनी नळाला नाव ठेवलं 'नळ'. बाई म्हणाल्या, "नळ पुष्कळ आहेत. हा कोणता?" तात्यांनी फोटोकडे बराच वेळ पाहिलं आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'नळ-गळतो'. बाईंनी टाळ्या वाजवल्या. "याला म्हणतात नाव!" तात्या लाजले. शाळेत त्यांच्यासाठी टाळ्या वाजल्याचं मी तरी पहिल्यांदाच ऐकलं. नळ मात्र पुढेही गळतच राहिला.

मराठी अक्षरं दिसली की ती वेबसाइट नुसते चौकोन दाखवायची, म्हणून नावं मराठी पण अक्षरं इंग्रजी, असा व्यवहार होता. शिवाय दोन शब्दांच्या मध्ये जागा सोडलेली तिला खपत नसे. बाई भरात आल्या की त्यांच्या 'नाही'चं 'नाय' व्हायचं. "कल्याणच्या जीपमध्ये जागा असते का? नाय ना? तरी माणसं बसतात ना? तसे शब्द बसवायचे. मध्ये आडवी रेघ द्या, तिला धरून बसतील." तात्या हे चहाची किटली घेऊन जातानाही पुटपुटायचे, "जागा नाय, रेघ हाय. जागा नाय, रेघ हाय." हेडसरांना वाटलं म्हातारा नामस्मरणाला लागला.

दुसरा धडा थोडा अवघड होता. चौकटीत फोटोच्या मागे त्याचं नाव बसलेलं असतं. आमचं इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून यायचं आणि ऑफिसात कुणी फोन उचलला की तुटायचं. त्यामुळे फोटो यायला वेळ लागायचा आणि तोवर रिकाम्या चौकटीत नुसतं नाव दिसायचं. फोटो आला की नाव झाकलं जायचं. गॅलरीतून फोटो काढून टाकला तरी पानावरची चौकट जात नाही, तिच्यात ते नाव पुन्हा दिसायला लागतं. "फोटो जातो, नाव राहतं," बाई बजावायच्या. "म्हणून पान वेगळं साफ करायचं." मी हे दर वेळी विसरायचे आणि तात्या कधी विसरायचे नाहीत.

फोटो लवकर यावा म्हणून तो बारीक करायचा, हा तिसरा धडा, आणि इथे राजकारण शिरलं. फोटो किती मोठा हे केबीत मोजतात, ही बातमी कार्यकारिणीपर्यंत पोचली. केबी म्हणजे काय ते कुणालाच माहीत नव्हतं, पण उपाध्यक्षांचे केबी अध्यक्षांपेक्षा जास्त आहेत म्हटल्यावर माहिती हवी कशाला? साहेब तडक कॉम्प्युटरच्या खोलीत आले.

"बाई, त्यांचे जास्त कसे?"

"त्यांच्या शर्टावर चौकड्या आहेत साहेब. नक्षी असली की केबी वाढतात."

"मग माझ्या सफारीवर घाला चौकड्या."

बाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि लहान फोटोच कसा पटकन दिसतो ते समजावलं. साहेबांनी मान डोलावली. समजलं म्हणून ते मान डोलवत नसत. समोरच्याचं बोलणं संपावं म्हणून डोलवत.

साहेबांनी जुन्या फोटोंचं एक बोचकंही पाठवलं होतं. त्यात वृक्षारोपणाचे फोटो सर्वांत जास्त. नीट पाहिल्यावर बाईंच्या लक्षात आलं की सगळ्या वर्षांत खड्डा एकच आहे, मागे तीच कुंपणाची तार आणि तोच वाकडा विजेचा खांब. "झाड दर वर्षी मेलं, खड्डा मात्र छान जगलाय," त्या म्हणाल्या आणि फोटोत दिसतं ते लिहिण्याच्या आपल्या नियमाला जागून नावं ठेवली, 'तोच-खड्डा-पांढरी-सफारी', 'तोच-खड्डा-निळी-सफारी'. तात्या खुर्चीमागे उभं राहून हे सगळं बघत होते.

समारंभाच्या आदल्या संध्याकाळी साहेबांचा हुकूम आला. कार्यकारिणीचे फोटो जेवढे आहेत तेवढेच टाकायचे, एकही केबी कापायचा नाही. बाई म्हणाल्या, "साहेब, मग फोटो पडद्यावर उतरायचा नाही." साहेब म्हणाले, "मी समोर बसलेला असताना माझा फोटो कसा उतरत नाही ते मी बघतो." म्हणजे आधीचे बारीक फोटो काढून मोठे चढवायचे, त्यांना नावं ठेवायची, शिवाय कर्मचाऱ्यांचे फोटो चढवायचे राहिलेच होते. ते बाईंनी आधीच बारीक करून ठेवले होते. त्यांत त्यांचा स्वतःचाही होता, कारण उद्या त्या कायम होणार होत्या. पण शहापूरची शेवटची जीप उभी होती आणि माझी धसईची गाडीही सुटणार होती. मुरबाडात राहणारे फक्त तात्या.

जीपच्या पायरीवरून बाई ओरडल्या, "तात्या, सगळे फोटो चढवा आणि सगळ्यांना नावं ठेवा! एकालाही सोडू नका!"

"बाय, खरी नावं ठेवू?"

"खरीच! दिसतं तेच! आपल्या मनाचं काही नाय!"

जीप गेली. मीही माझी गाडी पकडली. त्या वाक्यात काही दगाफटका आहे असं मला तेव्हा वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी हॉल भरलेला. कल्याणहून भाड्यानं प्रोजेक्टर आणला होता, समोर पांढरी चादर ताणली होती. ठाण्याहून आलेल्या पाहुण्यांनी बटण दाबलं. चादरीवर 'कार्यकारिणी' असं पान उघडलं, चार चौकटी आल्या, आणि फोटो मोठे असल्यामुळे फोटोंच्या आधी नावं आली. पोरांना अक्षर दिसलं की मोठ्यानं वाचायची सवय असते. पुढच्या रांगेनं एका सुरात वाचलं, "खुर्चीवर-डोळा!" मग सावकाश उपाध्यक्षांचा फोटो उतरला आणि त्यात ते खरोखरच शेजारच्या अध्यक्षांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते. मग "झोपलेले-पण-हजर", आणि सचिव उतरले. मग "हात-खिशात-पण-कुणाच्या", आणि खजिनदार उतरले, गर्दीत अंगाला अंग लागून उभे. फोटो आला की नाव झाकलं जायचं, पण फोटो पाहून ते जास्तच पटायचं.

साहेबांचे केबी सर्वांत जास्त, म्हणून त्यांचा फोटो सर्वांत शेवटी. चौकटीत नाव आलं, 'पोट-पुढे-साहेब-मागे'. सगळा हॉल फोटोची वाट बघू लागला. एवढ्यात कुणीतरी घाबरून दुकानदाराला विचारायला ऑफिसातला फोन उचलला आणि इंटरनेट तुटलं. चादरीवर ते नाव तसंच थांबून राहिलं. पाहुण्यांना खोकला आला. तो खोकला आहे असं मानायला फक्त साहेब तयार होते. बाई कडेला उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांची ऑर्डर मीच टाइप केली होती आणि ती साहेबांच्या टेबलावर सहीला ठेवली होती.

समारंभ आटोपल्यावर साहेबांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. मलाही बोलावलं, ऑर्डरवर शिक्का मारायचा तर शिक्का माझ्याकडे होता.

"हे कुणी केलं?"

"माझ्या वर्गानं केलं साहेब."

"वर्गाला नाव असतं ना? तुम्हीच शिकवता, प्रत्येक गोष्टीला नाव पाहिजे. मग सांगा नाव. त्याचं मी बघतो, आणि तुमच्या ऑर्डरवर आत्ता सही करतो."

बाईंनी ऑर्डरकडे पाहिलं. मला वाटलं, सांगतील. खरं तर मला वाटत होतं की सांगून टाकावं. पण त्या म्हणाल्या, "साहेब, फोटोत दिसतं ते लिहायचं हा नियम मी शिकवला. त्यात काही चुकीचं लिहिलं गेलं असेल तर सांगा, मी आत्ता बदलते. नेमकं कुठलं चुकलंय?"

उत्तर द्यायचं तर साहेबांना स्वतःच्या पोटापासून सुरुवात करावी लागली असती. शेजारी बसलेले उपाध्यक्ष खिडकीतून बाहेर बघायला लागले, बहुधा खुर्चीकडे बघायला नको म्हणून. शेवटी साहेबांनी ऑर्डर उचलली, तिचे तुकडे केले आणि म्हणाले, "उद्यापासून येऊ नका."

स्टँडवर तात्या बाईंची छत्री घेऊन उभे होते. डोळे लाल. "बाय, मी जातो आन् सांगतो साहेबाला. मी केलं."

"काही जायचं नाय. निवृत्तीला किती महिने राहिलेत तुमच्या? पेन्शन अडवतील. गप बसा."

"पन बाय, तुमीच बोल्ल्या ना, सगल्यांना नावं ठेवा? बाकड्याला नाव नव्हतं, त्याला ठेवलं. मानसाला नाव असतंच. मंग त्याला नावं ठेवायची म्हंजी काय, ते आमी ल्हानपनापासून करतोय."

बाई अशा हसल्या, की जीपमधली माणसं वाकून बघायला लागली. डोळे पुसत म्हणाल्या, "आडव्या रेघा मात्र सगळ्या बरोबर होत्या हं तात्या." जीपमध्ये बसल्यावर त्यांनी मला हळूच सांगितलं, "घरी बाबांना काय सांगू तेवढं कळत नाही गं." जीप सुटली. मला साहेबांचा, तात्यांचा आणि बाईंचाही राग आला होता, आणि धसईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून रडले. पुढे आसनगावात एका लहान क्लासमध्ये त्या शिकवायला लागल्याचं कळलं. मुरबाडला त्या पुन्हा आल्या नाहीत.

साहेबांनी त्या दिवसानंतर वेबसाइट कधी उघडली नाही. मात्र तात्यांना बोलावून हुकूम दिला, "त्या बाईचा फोटो काढून टाका." ते काम येणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. दोन दिवसांनी साहेबांनी विचारलं, "काढला?" तात्या म्हणाले, "काढला साहेब." तात्या खोटं बोलत नसत. उन्हाळ्यात ते पेन्शनीत निघाले.

ते निघायच्या आदल्या दिवशी मी कर्मचाऱ्यांचं पान उघडलं. सगळ्यांचे फोटो भराभर आले. बाईंनीच ते बारीक केले होते. समारंभात तर हे पान उघडायच्या आधीच इंटरनेट तुटलं होतं, म्हणून त्यांच्या मागची नावं कुणाला दिसलीही नव्हती. एकच चौकट रिकामी होती. फोटो गॅलरीतून गेला होता, पान साफ झालं नव्हतं, आणि त्या संध्याकाळी एकट्यानं बसून तात्यांनी बाईंना जे नाव ठेवलं होतं ते आता उघडं पडलं होतं. इंग्रजी अक्षरांत, मध्ये आडव्या रेघा देऊन: 'नाव-ठेवायला-जागा-नाय'.

मी तात्यांना हाक मारली. "तात्या, पान साफ करायचं राहिलंय."

"मला फोटो काढाय सांगलेला," ते म्हणाले. मग चष्मा लावून पडद्याजवळ वाकले आणि बोट फिरवत एकेक अक्षर तपासलं. "मधी कुठं जागा सुटली नाय ना गो?"

"नाही तात्या," मी म्हटलं, "कुठेच नाही."